चेहरा तिचा, म्हणून गोष्टही तिचीच? (अंजू दोडियांची चित्रं)

मोरपंखी

अंजू दोडियांच्या चित्रांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "ही बाई सगळीकडे स्वतःलाच का काढते?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आवाज जरा खाली आणून: "काही झालं होतं का हो त्यांच्या आयुष्यात?" या दुसऱ्या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. म्हणून हा धागा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. जन्म मुंबईचा, १९६४ चा. १९८६ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदवी. पहिलं एकल प्रदर्शन १९९१ मध्ये, केमोल्ड गॅलरीत. (तेव्हा केमोल्ड जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर होती, २००७ मध्ये फोर्टात प्रेस्कॉट रोडला गेली.) काम मुख्यतः जलरंग आणि चारकोलचं (म्हणजे चित्रं काढायच्या कोळशाचं), कधी कागदावर, कधी कापडावर. मध्यंतरी त्यांनी गादीसारखं आत भरण घालून शिवलेल्या कापडावरही चित्रं केली. व्हेनिस बिएनाले म्हणजे इटलीत दर दोन वर्षांनी भरणारा आंतरराष्ट्रीय कलामेळा, त्याच्या २००९ च्या मुख्य प्रदर्शनात त्यांचं काम होतं. आपले सुनील गावडेही त्याच वर्षी तिथे होते.

आता चित्रं. बहुतेक चित्रांत एक बाई असते आणि तिचा चेहरा अंजूंच्या चेहऱ्यावरून घेतलेला असतो. पण ती घरात, खिडकीशी, चहाचा कप घेऊन बसलेली सहसा दिसत नाही. कधी जपानी छापचित्रांतल्या पात्रांचा वेश घेते, कधी युरोपातल्या मध्ययुगीन टॅपेस्ट्रीतल्या (विणलेल्या भिंतपडद्यांतल्या) झाडाफुलांत जाऊन उभी राहते, कधी इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांतल्या संतांसारखी छळ सोसत असते. हातात कात्री, सुई, दोरा, शस्त्र नाहीतर कुंचला. कुंचला शस्त्रासारखा धरलेला असतो आणि शस्त्र कुंचल्यासारखं, त्यामुळे ती लढतेय की काम करतेय हे चटकन ठरवता येत नाही. समीक्षक या चित्रांना काल्पनिक आत्मचित्रं म्हणतात.

माझं म्हणणं असं. चेहरा इथे पुरावा म्हणून येत नाही, भूमिका करायला येतो. नट एक, प्रवेश वेगवेगळे. त्यातून अंजूंच्या संसाराची, बालपणाची, आजारपणाची बातमी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. तरीही ही चित्रं कमालीची अंतर्मुख आहेत, आणि गंमत तिथे आहे. आत वळून त्या बघतात ते चित्र काढायला बसलेल्या माणसाकडे. कोऱ्या कागदापुढची भीती, टाळाटाळ, मग एकदम आलेला माज, मग आपण काय करून बसलो म्हणून धसका. हे सगळं त्या बाईच्या अंगावर घडतं.

माध्यमही नीट बघा. तैलरंगात चुकलं तर खरवडा, वर दुसरा थर द्या, कुणाला कळत नाही. जलरंग कागदात मुरला की मुरला. ओघळ सुकला की कडेला गडद रेघ धरतो आणि ती रेघ जन्मभर तिथेच. चारकोलचं बरोबर उलटं. तो बसतच नाही, बोट लागलं तरी पुसतो, पसरतो, बाही काळी करतो. एक माध्यम माघार घेऊ देत नाही आणि दुसरं ठाम राहू देत नाही. अशी जोडी घेऊन कुणी स्वतःचा चेहरा काढत असेल तर ती निवड निव्वळ आवडीनिवडीची नाही, असं मला वाटतं.

बोला.

फाटका_खिसा

लिहिलंय झकास. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मला हे सगळं आत्ममग्न वाटतं. या बाईंच्या डोळ्यांदेखत मुंबईत गिरण्यांचे भोंगे बंद झाले, दंगली झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. आणि चित्रात काय? स्वतःचा चेहरा आणि जपानी पोशाख. कॉलेजातली पोरं दिवसभर स्वतःचे फोटो काढतात तर आपण नाकं मुरडतो. यांनी जलरंगात केलं की अंतर्मुखता?

जुना_जेजेकर

खिसेराव, सेल्फीवाला मुद्दा आधी निकालात काढू. हाताने आरशात बघून स्वतःला काढणं हा फार वेगळा उद्योग आहे. आम्हाला करावा लागला आहे, म्हणून सांगतो.

मॉडेलला पैसे द्यावे लागतात, तो पाऊण तासाने चुळबूळ करतो, चहाला गेला की आला तरी वेगळ्याच कोनात बसतो. स्वतःचा चेहरा फुकट आणि रात्री दोन वाजताही हजर. म्हणून जगभरचे चित्रकार तरुणपणी स्वतःला काढतात. त्यात आत्मशोध वगैरे नंतर येतो, आधी काटकसर.

आरशातून काढलेल्या चेहऱ्याला काही खुणा असतात, एकदा कळल्या की लपत नाहीत. नजर थेट तुमच्याकडे रोखलेली, कारण काढणारा आरशातल्या स्वतःच्या डोळ्यांत बघत असतो. भुवया किंचित आवळलेल्या, कारण तो मोजमाप करतोय. लोक त्याला 'गूढ वेदना' म्हणतात, असते एकाग्रता. मान तीनचतुर्थांश वळलेली, कारण एका अंगाला आरसा आणि दुसऱ्या अंगाला बोर्ड. आणि उजव्या हाताचा माणूस चित्रात डावखुरा होतो. वर्गात मास्तर लांबूनच ओळखायचे कुणी आरशातून केलंय आणि कुणी फोटोवरून मारलंय.

आता अंजू दोडियांची चित्रं या नजरेने बघा. ती रोखलेली नजर फार कमी सापडते. बाई खाली बघते, कडेला बघते, काही चित्रांत डोळे मिटलेले. मिटलेले डोळे आरशात कसे दिसणार? आरशात स्वतःचे मिटलेले डोळे माणसाला आयुष्यात कधी दिसत नाहीत. म्हणजे ते रचलेले आहेत. धागाकर्तीचं 'भूमिका' म्हणणं मला या एका गोष्टीवरून पटतं, समीक्षकांच्या लेखांवरून नाही.

मोरपंखी

जेजेकर, मिटलेल्या डोळ्यांचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. क्या बात है.

ठाणेकरीण

खिसेरावांची तक्रार मला पूर्ण झटकून टाकाविशी वाटत नाही. फक्त तिचं उत्तर अंजूंकडे नाही, आमच्या ठाण्यात आहे.

डॉ. सुधीर पटवर्धन. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच्या जोडीने चित्रं काढली. 'इराणी रेस्टॉरंट' १९७७ चं, 'ट्रेन' १९८० चं, 'लोअर परळ' २००१ चं. तुम्हाला हवी ती मुंबई तिथे आहे: पूल, नाले, झोपड्या, लोकलमधली माणसं, आणि चित्राच्या कडेपर्यंत खचाखच भरलेलं शहर. 'साचा' हा २००१ चा माहितीपट बघा, त्यात नारायण सुर्वे आणि पटवर्धन दोघंही आहेत. एकाची गिरणगावातली कविता, दुसऱ्याची चित्रं, मधे तेच शहर.

आता माझा मुद्दा. ती चित्रं बाहेरच्या जगाची आहेत म्हणून अंतर्मुख नाहीत असं मला वाटत नाही. कामगाराचं चित्र काढणारा हा माणूस स्वतः कामगार नाही, डॉक्टर आहे, मध्यमवर्गीय आहे, आणि हे तो एक क्षण विसरत नाही. त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपण नेमके कुठे उभे आहोत हा प्रश्न पडतो. पुलावर? गर्दीत? की गर्दीला खिडकीतून बघणाऱ्यांत? रणजित होस्कोटे यांनी २००४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'द कॉम्प्लिसिट ऑब्झर्व्हर'. नुसता बघणारा नाही, जे घडतंय त्यात सामील असलेला बघणारा. पुढे त्यांनी घरातल्या माणसांची चित्रं केली तेव्हा त्या प्रदर्शनाला 'फॅमिली फिक्शन' नाव दिलं. तिथेही कल्पितच!

२०१९ च्या शेवटी मुंबईच्या एनजीएमएत (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) त्यांच्या आजवरच्या कामाचं सिंहावलोकन भरलं होतं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी', नॅन्सी अदजानियांनी रचलेलं. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढताना माणूस कसा बदलत गेला ते दिसत होतं. आणि त्यासाठी त्याने दर चित्रात स्वतःचा चेहरा टाकलेला नव्हता. आत बघायला स्वतःचा चेहरा लागतोच असं नाही, एवढंच म्हणते.

फाटका_खिसा

घ्या! मीही हेच म्हणत होतो, फक्त मला इतकं नीट म्हणता आलं नाही.

सुमीत_गिरगाव

ठाणेकरीणबाईंच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' नावाचं सहा चित्रकारांचं प्रदर्शन झालं, मुंबईत आणि दिल्लीत. भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन. अमूर्ताचा दबदबा असताना चित्रात माणूस परत आणणारी ही मंडळी.

यातल्या भूपेनभाईंचं त्याच वर्षीचं एक चित्र आहे, 'यू कान्ट प्लीज ऑल'. सध्या लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. भूपेन मूळचे आमच्या बाजूचेच, खेतवाडीतले. शिक्षणाने सनदी लेखापाल, मग बडोद्याला गेले. चित्रात गच्चीच्या कठड्याला टेकलेला एक नागडा प्रौढ पुरुष, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून उभा. खाली गावात बाप, मुलगा आणि गाढवाची ती गोष्ट चाललीय, आपण शाळेत वाचलेली. बापाने गाढवावर बसावं तरी लोक बोलतात, मुलाला बसवावं तरी बोलतात. वरून हा माणूस ते बघतोय. समलैंगिक असल्याचं भूपेनभाईंनी जगापुढे आणलं त्या टप्प्यावरचं हे चित्र.

म्हणजे बघा, तिथे चेहरा धड दिसतही नाही आणि माणूस अख्खा उघडा आहे, कपड्यांनी आणि मनानेही. अंजू दोडियांकडे चेहरा स्वच्छ समोर आहे आणि माणूस सापडत नाही. स्वतःला दाखवणं आणि स्वतःबद्दल सांगणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, असं या दोघांना शेजारी ठेवलं की वाटतं.

मोरपंखी

सुमीत, धाग्यात मला जे सांगायचं होतं ते तुम्ही अर्ध्या जागेत सांगितलंत. :)

नवखा_प्रेक्षक

मध्ये तोंड घालतो. अंजू दोडिया म्हणजे आपली फ्रिडा काहलो (ती मेक्सिकोची चित्रकर्ती) असं कुठेतरी वाचलं होतं. तसं म्हणता येईल का?

मोरपंखी

नाही हो. चेहरा सोडला तर साम्य शोधावं लागतं. १९२५ मध्ये फ्रिडाच्या बसला अपघात झाला, तिचा कणा मोडला, पुढे शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. ते दुखणं तिच्या चित्रांत जसंच्या तसं आहे, पट्टे, खिळे, रक्त. तिच्या चित्रांना तिचं चरित्र लावून बघणं चुकीचं ठरत नाही, ती स्वतःच ते हातात देते. अंजूंच्या बाईच्या अंगात सुया टोचलेल्या दिसल्या तर मात्र त्या सुया कुठल्या दवाखान्यातल्या हे विचारू नये. त्या कामातल्या आहेत.

त्यांना शब्दांचाही फार नाद आहे. २०१८ च्या प्रदर्शनाचं नाव त्यांनी अमेरिकन कवयित्री सिल्विया प्लाथच्या कवितेतल्या ओळीवरून घेतलं होतं. आता प्लाथ म्हटलं की लोक लगेच तिच्या आत्महत्येकडे वळतात. कवितेकडे कुणी बघतच नाही, तसंच.

सायली_सायन

मला वाटतं इथे एक गोष्ट सगळे टाळताहेत. ती बाई आहे म्हणून हे प्रश्न येतात.

उदाहरण त्यांच्याच घरातलं घ्या. अतुल दोडिया, त्यांचे यजमान, तेही जेजेचेच. १९९४ मध्ये त्यांनी 'द बॉम्बे बकानियर' केलं. स्वतःचंच चित्र, 'बाजीगर'च्या पोस्टरच्या थाटात, काळा गॉगल लावून. गॉगलच्या एका काचेत ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी, दुसऱ्या काचेत भूपेन खक्कर. किती खट्याळ चित्र आहे! मला कोण घडवतंय, माझ्या डोळ्यांपुढे कोण आहे, मी हिरो की खलनायक की दुसऱ्यांचा माल पळवणारा समुद्री चाचा, हे सगळं एका गॉगलमध्ये. त्यावर लोक काय म्हणतात? हुशारी, विनोदबुद्धी, उत्तर-आधुनिक. "काही झालं होतं का हो त्यांच्या आयुष्यात?" असं अतुलभाईंबद्दल कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. नवऱ्याने वेष घेतला की तो खेळ, बायकोने घेतला की ती डायरी!

आणि ही आजची गोष्ट नाही. अमृता शेरगिलने १९३४ मध्ये पॅरिसला असताना स्वतःला ताहितीच्या बाईच्या रूपात काढलं. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने तिकडच्या बायका रंगवल्या होत्या, तिने त्यांच्यातली एक व्हायचं ठरवलं. कमरेच्या वरच्या अंगावर कापड नाही, हात पुढे एकमेकांवर घेतलेले, नजर कुठेतरी बाजूला, आणि मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली. अवघी एकवीस वर्षांची पोर. ती सावली गोगँची, बघणाऱ्या पुरुषाची, की नुसती चित्राच्या तोलासाठी, यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. पण चित्र काढणारी आणि चित्रातली, दोन्ही जागा तिने स्वतःकडे घेतल्या. सावलीला मागेच उभं राहावं लागलं. हा राजकीय निर्णय नाही तर काय आहे? खिसेराव, दंगल काढली तरच समाज दिसतो का?

फाटका_खिसा

सायलीताई, शेरगिलचं मान्य. अतुल-अंजूचंही मान्य, कधी त्या बाजूने विचार केला नव्हता. पण एक कोडं सुटत नाही. घाटकोपरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या बाईच्या चित्रात सामुराई कशाला? तिथे जपान कुठून आला? आपल्याकडे वेष काय कमी आहेत?

मोरपंखी

घाटकोपरचं नाव काढलंत ते बरं झालं. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, तो घाटकोपरलाच होता. नंतर मळवलीला गेला. त्या छापखान्यातून ज्या सरस्वती-लक्ष्म्या घरोघरी गेल्या, त्यांच्यात किती ठिकाणचं काय काय आहे बघा. चेहरा इथला, साडी तिथली, पडदा आणि खांब युरोपातल्या तैलचित्रांतले, सावल्यांची पद्धत पाश्चात्त्य अकादमीची. आपण ते देवघरात लावलं. तेव्हा परकं कुणाला वाटलं नाही आणि आता तर 'अस्सल भारतीय' म्हणून मिरवतो. चित्रकाराचं सामान पुस्तकांतून, मासिकांतून, छापील चित्रांतून येतं. जेजेच्या ग्रंथालयात बसलेल्या मुलीला जपानी छापचित्रांचा उतामारो आणि इटलीतल्या भित्तिचित्रांचा जोत्तो जितके जवळचे, तितकी कदाचित शेजारच्या सोसायटीतली काकूही नसेल.

आणि परक्या वेषाचा एक उपयोग आहे. नऊवारीतली बाई काढली असती तर तुम्ही लगेच विचारलं असतं, ही कुणाची आजी? सामुराई काढला की तो प्रश्न येत नाही. प्रेक्षकाला चरित्राकडे जायची वाटच बंद.

पेटारा

मी कोकणातला, दशावतार बघत वाढलो. या धाग्यावर नटाचा उल्लेख सुरुवातीलाच आला म्हणून लिहितो.

दशावतारात रंगभूषाकार नसतो. नट आपल्या पेटाऱ्यावर नाहीतर खाली बसतो, हातात छोटासा आरसा, आणि स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो. लहानपणी आम्ही मागे जाऊन ते बघत बसायचो, नाटकापेक्षा जास्त वेळ. आरशात एका वेळी पूर्ण तोंड मावत नाही. आधी कपाळ, मग एक डोळा, मग दुसरा. अर्धा राजा आणि अर्धा दिवसा शेतात राबणारा माणूस असा चेहरा काही वेळ असतो, आणि त्या वेळी तो कुणाशी बोलत नाही. बोललात तर हूं म्हणतो. पुढे रंगमंचावर आल्यावर लिहिलेली संहिता नसतेच, बोलणं आयत्या वेळचं. स्त्रीभूमिका करणारे पुरुष तर अर्धा चेहरा झाला की चालायचेसुद्धा वेगळे.

अंजू दोडियांची चित्रं मी फक्त स्क्रीनवर पाहिलीत. पण मला त्यांत ती मधली वेळ दिसते. तयारी पुरी झालेली नाही आणि नाटक सुरू व्हायला आलंय. चूकभूल द्यावी घ्यावी, चित्रकलेतलं मला काही कळत नाही.

जुना_जेजेकर

पेटारेसाहेब, 'काही कळत नाही' म्हणणाऱ्यांनीच या धाग्यावर सगळ्यात बरं लिहिलंय. बाकी आम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून रेघा मारतोय.

बडोद्याची_काकी

उशिरा येतेय, पण मला हे सांगितल्यावाचून राहवत नाही. २००७ मध्ये अंजूंचं 'थ्रोन ऑफ फ्रॉस्ट' आमच्याकडे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये झालं होतं. मी पाहिलंय.

ज्यांनी तो हॉल पाहिला नसेल त्यांना कल्पना यावी म्हणून सांगते. सयाजीरावांनी १८९० च्या सुमारास पुरा केलेला वाडा, खाली मोझाइकची फरशी, खिडक्यांना रंगीत काचा, वर झुंबरं. मुळात डोळे दिपवायलाच बांधलेली जागा. शिवाय वाड्यात रविवर्म्याची चित्रं आहेत, सयाजीरावांनी मुद्दाम काढून घेतलेली. अशा ठिकाणी आजच्या चित्रकाराने काय लावावं? भिंतीशी स्पर्धा करणं शक्यच नाही. अंजूंनी मोठमोठी चित्रं हॉलमध्ये उभी केली, दोन्ही बाजूंनी बघता येतील अशी, आणि जमिनीवर आरशांचे तुकडे पसरले.

त्यामुळे काय व्हायचं, चित्र सरळ दिसायचं आणि खाली त्याचेच कपचे उलटे दिसायचे. चेहऱ्याचा एक तुकडा इथे, छताच्या नक्षीचा तुकडा तिथे, मधेच रंगीत काचेचा उजेड. बघणारी माणसंही त्यात यायची. माझ्या पुढे एक पोक्त गृहस्थ होते, बहुधा दरबाराशी जुना संबंध असलेल्या घरातले. ते चित्र बघायचं सोडून बराच वेळ खाली वाकून तुकड्यांत स्वतःलाच शोधत होते आणि सापडत नव्हते. मला हसू आवरेना, मग लक्षात आलं की मीही तेच करतेय.

शीर्षकात सिंहासन आहे. पण त्या हॉलमध्ये सिंहासन म्हणून जे होतं ते थंडगार आणि ठिसूळ. कलाकाराला लोक मान देतात, गादीवर बसवतात, आणि ती गादी पायाखाली कधी विरघळेल सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ मी तेव्हा लावला होता. गायकवाडांच्या वाड्यात हे मांडायचं धाडस केलं हे विशेष. मराठी माणसांनी बांधलेल्या त्या दरबारात एवढं झालं आणि आपल्याकडच्या मासिकांत त्यावर दोन पानं आलेली मला तरी आठवत नाहीत. चांगल्या लेखकाने लिहायला हवं होतं.

सायली_सायन

काकी, कसलं लिहिलंय! फोटो आहेत का?

बडोद्याची_काकी

नाहीत गं. तेव्हा मोबाइलला कसला कॅमेरा.

ठाणेकरीण

काकींचं वाचून माझा आधीचा प्रतिसाद जरा वाकडा करावासा वाटतोय. चित्र बघायला आलेल्याला त्यातच ओढायचं, हे पटवर्धन गर्दी आणि पूल रचून करतात, अंजूंनी तिथे आरशांनी केलं. तरी माझा ओढा ठाण्याकडेच राहणार. पोखरण रोडच्या आसपास आयुष्य गेलंय, सामुराई मला परकाच.

नवखा_प्रेक्षक

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कुठे जावं? गॅलरीत गेलं की आत घेतील की नाही अशी धास्ती वाटते. तिकीट असतं का?

सुमीत_गिरगाव

खासगी गॅलऱ्यांत तिकीट नसतं. केमोल्ड फोर्टात क्वीन्स मॅन्शनमध्ये वरच्या मजल्यावर आहे. दार ढकला, आत जा. कुणी विचारणार नाही तुम्ही विकत घेणार का म्हणून. टेबलावर चित्रांची यादी असते, ती मागून घ्या. माध्यम, आकार, वर्ष सगळं त्यात असतं. अंजूंचं प्रदर्शन वर्षानुवर्षं नसतं, तेव्हा वेबसाइटवर तारखा बघून जा. तोवर एनजीएमए आहे, जहांगीर आहे. जहांगीर १९५२ पासून उघडी आहे आणि आत शिरणारे निम्मे लोक उन्हातून सुटका म्हणून शिरतात. कुणी हाकलत नाही.

नवखा_प्रेक्षक

धन्यवाद. शेवटचा बाळबोध प्रश्न, जेजेकर काकांना. जलरंगात खोडता येत नाही, पांढरा रंग वापरत नाहीत असंही शाळेत शिकवलं होतं. मग चेहऱ्यावरचा उजेड, डोळ्यातला ठिपका, हे कसं करतात?

जुना_जेजेकर

बाळबोध कसला, खरा प्रश्न हाच आहे. तो उजेड म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग लावायचाच नाही. म्हणजे नाकाचा शेंडा, खालचा ओठ, डोळ्यातला ठिपका कुठे येणार हे पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) टाकायच्या आधी ठरलेलं हवं. स्वतःचा चेहरा काढायचा असेल तर आपल्या चेहऱ्यावर काय काय काढायचं *नाही* ते आधी ठरवावं लागतं. पांढरा पोस्टर कलर वरून थापणारेही आहेत, चालतं, पण तो ठिपका खडूसारखा मेलेला दिसतो.

घरी करून बघायचं असेल तर जाड कागद घ्या, तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) खाली नको, नाहीतर पाणी पडलं की पापडासारखा फुगेल. कागद भिजवून बोर्डावर चारी बाजूंनी टेप मारून सुकवा. कॅम्लिनच्या ट्यूब चालतील, महागाच्या मागे लागू नका. आरसा खिडकीच्या बाजूला, उजेड एकाच अंगाने यायला हवा, ट्यूबलाइट बंद. आणि झालं की इथे टाका. खिसेरावांनीही टाका, आत्ममग्न म्हणणार नाही कुणी.

फाटका_खिसा

मी गॉगल लावून काढणार. डोळे जमत नाहीत मला.